देवळामागची वाणी

नांदेड येथें गोदावरीच्या तीरीं सचखंड हुजूर साहिब हा शिखांचा गुरुद्वारा आहे. शिखांच्या पांच तख्तांपैकीं तो एक असून दहावे गुरु गोविंदसिंह यांनीं १७०८ सालीं येथेंच देह ठेवला. पंजाबापासून इतक्या दूर, मराठी मुलखाच्या या पूर्वेकडील टोकाला, शिखांचें एवढें मोठें क्षेत्र कसें झालें, असा प्रश्न येथें प्रथमच येणाऱ्या यात्रेकरूस पडतो. मराठी श्रोत्यास पडावा असा प्रश्न मात्र निराळा आहे. या गुरुद्वाऱ्यांत जो ग्रंथ गुरुस्थानीं विराजमान आहे आणि ज्याच्यासमोर प्रत्येक मस्तक नमतें, त्या ग्रंथांत याच मराठवाड्यांतील एका शिंप्याचीं ६१ पदें आहेत. हा शिंपी म्हणजे संत नामदेव. त्या पदांपैकीं एका पदांत या शिंप्याला देवळांतून उठवून लावल्याची हकीकत आलेली आहे. ज्याला एका देवळांत बसूं दिलें नाहीं, त्याची वाणी दुसऱ्या देवस्थानीं सिंहासनावर कशी जाऊन बसली? या प्रश्नाच्या उत्तरासाठीं चार शतकांहून अधिक काळाचा मागोवा घ्यावा लागतो. आणि तो मागोवा म्हणजे लोकांनीं झिडकारलें असतांहि देवावरील निष्ठा न सोडणाऱ्या माणसांची एक मालिकाच होय.

नांदेडच्या वायव्येस, हल्लींच्या हिंगोली जिल्ह्यांत, औंढा नागनाथ हें बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एक म्हणून पूजिलें जाणारें क्षेत्र आहे. परंपरा ज्या नरसी गांवाला नामदेवांचें जन्मस्थान मानते, तें गांवहि याच जिल्ह्यांत आहे. नामदेवांचा काळ सामान्यतः १२७० ते १३५० असा धरतात. औंढ्याची कथा महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं आहे. नामदेव देवळासमोर कीर्तन करीत असतां तेथील पुजाऱ्यांना तें रुचलें नाहीं; शिंप्यानें देवाच्या दारीं उभें राहून सोवळ्यांत अडथळा आणूं नये, अशा समजुतीनें त्यांनीं त्यांना तेथून घालवून दिलें. नामदेव देवळाच्या पाठीमागें जाऊन बसले आणि त्यांनीं पुन्हां भजनास आरंभ केला. तेव्हां देऊळच फिरलें आणि त्याचें दार नामदेवांच्या सन्मुख आलें, असें भाविक सांगतात. ग्रंथसाहिबांतील पदांतहि हाच प्रसंग आहे. फक्त तेथें तो स्वतः नामदेवांच्या तोंडून येतो.

देऊळ फिरल्याची गोष्ट श्रद्धेच्या प्रांतांतील आहे. इतिहासाचें चिंतन करणाऱ्याला अधिक मोलाची वाटते ती त्याआधींची गोष्ट. अपमान झालेल्या माणसाला सामान्यतः दोन वाटा मोकळ्या असतात. एक, मान खालीं घालून घरीं जावें आणि पुन्हां त्या दाराशीं येऊं नये. दुसरी, ज्यांनीं हांकलून दिलें त्यांच्यावरील रागापोटीं त्यांच्या देवालाहि सोडून द्यावें. नामदेव यांपैकीं एकाहि वाटेनें गेले नाहींत. त्यांनीं घोंगडी उचलली आणि ते देवळाच्या मागें जाऊन बसले. आपण अशा जातींत कां जन्मलों, ही कळवळ्याची तक्रार त्या पदांत आहे. परंतु ती देवापाशीं केलेली आहे. पुजारी म्हणजे देव नव्हे आणि पुजाऱ्याचा नकार म्हणजे देवाचा नकार नव्हे, हा विवेक त्या दुःखाच्या क्षणींहि त्यांच्या ठायीं जागा राहिला. पुढें सांगावयाच्या सर्व इतिहासाचें बीज या एका विवेकांत आहे.

याच औंढ्याशीं नामदेवांच्या चरित्रांतील आणखी एक प्रसंग निगडित आहे, आणि दोन्ही प्रसंग शेजारीं ठेवून पाहिल्यावांचून पहिल्याचा अर्थ पुरता उमगत नाहीं. संतांच्या मेळ्यांत गोरोबा कुंभारांनीं सर्वांच्या डोक्यावर थापटण्यानें ठोकून कोणाचें मडकें पक्कें भाजलें आहे याची परीक्षा घेतली आणि नामदेवांचें मडकें कच्चें ठरविलें, अशी कथा आहे. विठ्ठलाचा लाडका म्हणविणाऱ्या नामदेवांस हा घाव असह्य झाला. तथापि विचारांतीं त्यांनीं तो मानला, आणि गुरूच्या शोधांत ते औंढ्यास विसोबा खेचरांकडे गेले. येथें दोन नकार आहेत. एक जन्मावरून केलेला, दुसरा उणिवेवरून केलेला. पहिल्यापुढें नामदेव वांकले नाहींत. दुसऱ्यापुढें ते नम्र झाले. जो मनुष्य प्रत्येक नकाराला अन्याय समजतो तो हेकेखोर होतो, आणि जो प्रत्येक नकाराला न्याय समजतो तो सत्त्वहीन होतो. निष्ठा आणि हट्ट यांमधील ही रेघ नामदेवांच्या चरित्रांत जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल.

नामदेवांच्या भोंवतीं जो मेळा जमला तो बहुतांशीं अशाच उपेक्षितांचा होता. गोदाकांठच्या गंगाखेडची जनाबाई ही दासी होती. सांवता माळी मळ्यांत राबत होता. मंगळवेढ्याचा चोखामेळा महार म्हणून पंढरीच्या महाद्वाराबाहेर उभा राहत होता. १३३८ सालीं मंगळवेढ्यास वेशीचें बांधकाम चालूं असतां तें कोसळून चोखोबा त्याखालीं गाडले गेले. परंपरा सांगते कीं, नामदेवांनीं स्वतः जाऊन त्यांच्या अस्थि आणल्या आणि पंढरीच्या महाद्वारासमोर त्यांची समाधि बांधविली. नामदेवांनीं स्वतःसाठीं मागितलेली जागाहि गाभाऱ्यांतील नव्हे. भक्तांच्या पायांची धूळ लागावी म्हणून ते पायरीच्या ठिकाणीं विसांवले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. ज्याला एकदां देवळामागें बसावें लागलें होतें, त्यानें आपली जागा दाराबाहेरच्या सोबत्याजवळच धरली.

मराठवाड्याच्या या भूमीला हा अनुभव नवखा नव्हता. लातूर जिल्ह्याचे निलंगा, देवणी, उदगीर हे तालुके जेथें बीदरच्या मुलखाला भिडतात, तेथून पलीकडे कल्याण, म्हणजे हल्लींचें बसवकल्याण, हें प्राचीन राजधानीचें नगर आहे. नामदेवांच्या सुमारें शंभर वर्षें आधीं, बाराव्या शतकांत, कलचुरी राजा बिज्जल याच्या दरबारीं बसवेश्वर हे उच्चपदस्थ अधिकारी होते. त्यांच्या अनुभवमंटपांत अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखालीं सर्व व्यवसायांचे स्त्रीपुरुष एकत्र बसून धर्मचर्चा करीत. अक्कमहादेवीसारखी विरागिनी तेथें समान मानानें बोलत असे. या मंडळींनीं मानलेली समता केवळ बोलण्यापुरती राहिली असती तर कदाचित् कोणी तिची दखल घेतली नसती. परंतु ब्राह्मणकुळांत जन्मलेले मधुवरस आणि चर्मकार हरळय्या या दोन शरणांनीं आपल्या मुलामुलींचा विवाह ठरविला, आणि नगर खवळून उठलें. दोघांनाहि राजाज्ञेनें देहांत शासन झालें, असें वीरशैव परंपरा सांगते. त्यानंतर कल्याणांत उत्पात झाला, बिज्जलाचा वध झाला, आणि शरण दाही दिशांना पांगले. बसवेश्वर कूडलसंगमास गेले व तेथेंच त्यांचा अंत झाला. चन्नबसवेश्वरांसह कांहीं मंडळी दूर उळवीच्या रानापर्यंत गेली.

पांगलेल्या या माणसांजवळ राज्य उरलें नाहीं, मंटप उरला नाहीं; उरलीं तीं वचनें. तीं त्यांनीं जपलीं, आणि पंधराव्या शतकांत विजयनगरच्या राज्यांत त्यांचे मोठे संग्रह झाले. सोळाव्या शतकांत मन्मथस्वामींनीं हाच विचार ‘परमरहस्य’ या ग्रंथाच्या रूपानें मराठींत आणला. त्यांची समाधि बीड जिल्ह्यांत कपिलधार येथें आहे, आणि लातूर व नांदेड या जिल्ह्यांतील लिंगायत घरांतून तिच्या दर्शनास जाणाऱ्यांची वाट अद्याप मोडलेली नाहीं. कल्याणांतून ज्यांना बाहेर पडावें लागलें, त्यांचें म्हणणें अशा रीतीनें कल्याणच्या वेशीपर्यंत पुन्हां येऊन पोंचलें.

नामदेवांच्या वाणीचा प्रवास याहून लांबचा आहे. ते उत्तरेकडे तीर्थयात्रेस गेले. पंजाबांतील गुरदासपूर जिल्ह्यांत घुमान या गांवीं त्यांचें स्मारक असून तेथें त्यांचा दीर्घकाळ निवास झाल्याचें पंजाबी परंपरा मानते. तेथील लोक त्यांना भगत नामदेव म्हणतात. पुढें १६०४ सालीं पांचवे गुरु अर्जुनदेव यांनीं अमृतसर येथें आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हां त्यांनीं केवळ शीख गुरूंच्याच रचना त्यांत घेतल्या नाहींत. पंधरा भक्तांची वाणी त्यांनीं गुरूंच्या वाणीबरोबर एकाच ग्रंथांत, एकाच मानानें, गोंविली. या पंधरा जणांत कबीर विणकर होते, रविदास चर्मकार होते, सेन न्हावी होते, सधना खाटीक होते आणि शेख फरीद हे मुसलमान सूफी होते. ज्यांच्या व्यवसायाचें नांव ऐकतांच त्या काळीं अनेक देवळांचीं दारें बंद झालीं असतीं, अशांचीं पदें निवडून काढून त्यांना ग्रंथांत स्थान देणें हें साधें संपादन नव्हतें. धर्माचा अधिकार कोठून येतो, या प्रश्नाला दिलेलें तें उत्तर होतें. दोनच वर्षांनीं, १६०६ सालीं, लाहोर येथें मोगल कैदेंत अनन्वित छळ सोसून गुरु अर्जुनदेव मरण पावले.

पुढें १६७५ सालीं नववे गुरु तेगबहादुर यांचा दिल्लीस शिरच्छेद झाला. त्यांच्याबरोबर मतिदास, सतिदास व दयालदास या अनुयायांनाहि प्राण द्यावे लागले. शीख परंपरेप्रमाणें काश्मीरच्या ब्राह्मणांवर धर्म सोडण्याची सक्ती होऊं लागली, तेव्हां ते गुरूंकडे आले आणि त्यांच्यासाठीं गुरूंनीं हें मरण पत्करलें. या घटनेंत एक सूक्ष्म पण अत्यंत महत्त्वाचा विशेष आहे. जानवें आणि टिळा हीं गुरु तेगबहादुरांच्या स्वतःच्या पंथाचीं चिन्हें नव्हतीं. पहिल्या गुरूंनीं तर बालपणींच जानवें घालण्यास नकार दिला होता, असें सांगतात. ज्या आचाराला आपण मानीत नाहीं तो आचार दुसऱ्यानें आपल्या इच्छेनें पाळावा, एवढ्यासाठीं एक धर्मगुरु वधस्थानीं उभा राहिला. आपल्या निष्ठेचें मोल ज्याला कळलें असतें, त्याला दुसऱ्याच्या निष्ठेचेंहि मोल कळतें, याचा याहून मोठा पुरावा सांपडणें कठीण.

गुरु गोविंदसिंह हे या तेगबहादुरांचे पुत्र. १६९९ सालच्या वैशाखीस आनंदपूर येथें त्यांनीं खालशाची स्थापना केली आणि मस्तक देण्यास सिद्ध झालेल्या पांच जणांना प्रथम अमृत दिलें. हे ‘पंच प्यारे’ निरनिराळ्या प्रांतांतील आणि निरनिराळ्या जातींचे होते. त्यांतील साहिबचंद हा न्हावी होता आणि तो बीदरचा, म्हणजे लातूरच्या सीमेलगतच्या मुलखांतला, असें परंपरा सांगते. मोहकमचंद हा द्वारकेचा छिंबा होता. ग्रंथसाहिबांत नामदेव ज्या धंद्याच्या नांवानें आपली ओळख देतात तोच हा धंदा. एका भांड्यांतून सर्वांनीं अमृत प्यावें आणि जातीचें नांव टाकून सर्वांनीं सिंह म्हणवावें, हें आसपासच्या डोंगरी राजांना मानवणें शक्य नव्हतें. ते हिंदु होते, तरी त्यांनीं गुरूंशीं वैर धरलें आणि अखेर मोगल सुभेदारांचें साहाय्य घेऊन आनंदपुरास वेढा घातला. म्हणजे झिडकारणारे केवळ परधर्मी होते असें नाहीं. ज्यांच्या धर्मस्वातंत्र्यासाठीं पित्यानें प्राण दिले, त्यांच्यापैकींच कित्येक पुत्राच्या विरोधांत उभे ठाकले.

वेढा लांबला, अन्न संपलें, आणि आंतील माणसांचें धैर्य खचूं लागलें. त्या वेळीं चाळीस शिखांनीं, आपण यापुढें आपले शीख नाहीं आणि आपण आमचे गुरु नाहीं, अशा अर्थाचा कागद गुरूंना लिहून दिला व ते निघून गेले. या कागदास शीख इतिहासांत ‘बेदावा’ म्हणतात. शत्रूनें नाकारणें निराळें आणि शिष्यानें सही करून नाकारणें निराळें. १७०४ च्या अखेरीस, शीख परंपरेच्या गणनेप्रमाणें, आनंदपूर सोडावें लागलें. चमकौरच्या गढींत अजितसिंह व जुझारसिंह हे थोरले दोन पुत्र पडले. बीदरचा साहिबसिंहहि तेथेंच पडला. जोरावरसिंह व फतेसिंह या धाकट्या दोघांना सरहिंदच्या सुभेदारानें भिंतींत चिणून मारविलें. त्या लेंकरांची हत्या करूं नये असें भर दरबारांत सांगणारा एकच मनुष्य निघाला, आणि तो मालेरकोटल्याचा मुसलमान नबाब शेर महंमदखान होता. तो गुरूंच्या विरुद्ध लढलेला होता; तरी पोरांवर सूड घेणें हें आपल्या धर्मास संमत नाहीं, असें त्यानें स्वतःच्याच पक्षाच्या तोंडावर सांगितलें. देवाशीं इमान राखण्यासाठीं आपल्याच माणसांत एकटें पडण्याची पाळी कोणावर, कोठें येईल, याचा नेम नसतो. शीख समाजानें मालेरकोटल्याचा हा उपकार आजतागायत विसरलेला नाहीं.

बेदावा लिहून गेलेल्या चाळिसांची पुढील हकीकत अधिकच हृदयस्पर्शी आहे. घरीं गेल्यावर त्यांचें स्वागत झालें नाहीं. माई भागो नांवाच्या स्त्रीनें त्यांची निर्भर्त्सना केली, आणि तिच्यासह ते गुरूंच्या शोधांत परत निघाले. खिदराणा येथील तळ्याकांठीं पाठलाग करणाऱ्या मोगल सैन्याशीं झुंज देऊन ते पडले. त्यांच्यापैकीं महासिंह हा अद्याप धुगधुगी धरून होता. काय हवें, असें गुरूंनीं विचारतां त्यानें तो कागद फाडण्याची विनंति केली. चार पुत्र गेले, घर गेलें, ग्रंथभांडार गेलें. तरी तो कागद गुरूंनीं जवळ जपून ठेवलेला होता. त्यांनीं तो तत्काळ फाडून टाकला आणि त्या चाळिसांना ‘मुक्त’ म्हटलें. त्या स्थळाला पुढें मुक्तसर हें नांव पडलें. ज्याला सर्वांनीं सोडलें, त्यानें सोडून गेलेल्यांसाठीं दार उघडें ठेवलें, हा या कथेचा मथितार्थ.

औरंगजेबाला गुरूंनीं फारसी पद्यांत जें पत्र लिहिलें तें ‘जफरनामा’ या नांवानें प्रसिद्ध आहे. शपथ मोडणाऱ्या बादशहाला त्यांत देवाच्या न्यायाची आठवण दिलेली आहे. भेटीचा योग मात्र आला नाहीं. १७०७ सालीं औरंगजेब अहमदनगरास मरण पावला. त्याचा पुत्र बहादुरशहा गादीवर आला आणि आपला भाऊ कामबक्ष याच्यावर चालून जाण्यासाठीं दक्षिणेस निघाला. गुरु गोविंदसिंह त्याच्या लष्कराबरोबर दक्षिणेंत आले आणि १७०८ सालीं नांदेडास गोदातीरीं थांबले.

नांदेडास त्या वेळीं माधोदास नांवाचा एक बैरागी मठ करून राहत होता. गुरूंच्या भेटीनें त्याचें जीवितच पालटलें. तो गुरूंचा ‘बंदा’ झाला आणि गुरूंची आज्ञा घेऊन पंजाबास गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका पठाणानें गुरूंवर खंजिराचा वार केला. जखम शिवली, ती भरूं लागली. परंतु धनुष्य ओढतांना ती पुन्हां उसवली, असें सांगतात. ७ ऑक्टोबर १७०८ रोजीं गुरूंचें देहावसान झालें. त्यापूर्वीं त्यांनीं आपल्यामागें कोणी देहधारी गुरु राहणार नाहीं, ग्रंथच गुरु, असा निर्णय दिला. याच ग्रंथांत त्यांनीं दमदमा येथें मुक्कामीं असतां आपल्या पित्याच्या रचना समाविष्ट केलेल्या होत्या. स्वतःची वाणी मात्र त्यांत घातली नव्हती.

येथें आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. औंढ्याच्या देवळामागें बसलेल्या नामदेवांची वाणी पंजाबांत गेली, तेथें ग्रंथांत स्थिरावली, आणि त्या ग्रंथाला गुरुपद मिळालें तें औंढ्यापासून अगदीं जवळ असलेल्या नांदेडास. नामदेवांच्या निधनाला त्या वेळीं सुमारें साडेतीनशें वर्षें लोटलीं होतीं. ज्यांनीं त्यांना उठविलें त्या पुजाऱ्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. नामदेवांची तक्रार मात्र रोज वाचली जाणाऱ्या ग्रंथांत कायम आहे, आणि तिच्यासमोर सर्व जातींचीं माणसें मस्तक टेकतात.

माधोदासाचा, म्हणजे बंदासिंहाचा, पुढील इतिहास तलवारीचा आहे. १७१० च्या मे महिन्यांत त्यानें सरहिंद जिंकलें. या युद्धांत दोन्ही बाजूंनीं जें रक्त सांडलें त्याचें समर्थन करण्याचें येथें प्रयोजन नाहीं. सूड हा निष्ठेचा पुरावा होऊं शकत नाहीं. बंदासिंहाची खरी कसोटी लागली ती हातांतील तलवार गेल्यावर. १७१५ च्या डिसेंबरांत गुरदास नंगल येथें उपासमारीनें जर्जर झालेल्या स्थितींत तो सांपडला, आणि सातशेंहून अधिक सोबत्यांसह त्याला दिल्लीस आणण्यांत आलें. १७१६ च्या मार्च महिन्यांत रोज शंभर याप्रमाणें या कैद्यांचा वध होऊं लागला. धर्म सोडणाऱ्यास जीवदान मिळणार होतें. त्या वेळीं ईस्ट इंडिया कंपनीचे वकील बादशहा फर्रुखसियर याच्या दरबारीं दिल्लींत होते. त्यांनीं कलकत्त्यास धाडलेल्या पत्रांत या वधाचें वृत्त असून, शेवटपर्यंत एकाहि कैद्यानें आपला धर्म टाकल्याचें दिसून आलें नाहीं, असें त्यांनीं नमूद केलें आहे. ते शिखांचे मित्र नव्हते आणि शत्रूहि नव्हते. म्हणूनच त्यांच्या साक्षीला महत्त्व आहे.

याच प्रसंगाची एक हकीकत मोगल इतिहासकार खाफीखान यानें दिली आहे. कैद्यांत एक तरुण मुलगा होता. त्याच्या आईनें वरिष्ठांचे पाय धरून अर्ज केला कीं, आपला मुलगा शीख नाहीं, शिखांनीं त्याला पकडून नेलें होतें. सुटकेचा हुकूम मिळाला आणि ती तो घेऊन वधस्थानीं धांवत आली. मुलानें मात्र, आपली आई खोटें बोलते, आपण अंतःकरणापासून गुरूंचे आहों, आपल्याला लौकर सोबत्यांकडे धाडा, असें सांगितलें. त्याचा वध झाला. खाफीखान शिखांविषयीं कडवटपणें लिहिणारा. तरी ही गोष्ट त्याला लिहून ठेवाविशी वाटली. या प्रसंगांत ऐकणाऱ्याचें मन त्या मातेकडेहि ओढ घेतें. तिचें असत्य ममतेचें होतें, आणि तें नाकारतांना मुलाला किती वेदना झाल्या असतील हें सांगण्यास इतिहासाजवळ शब्द नाहींत. निष्ठेची किंमत पुष्कळदां निष्ठावंताच्या घरच्यांनाच भरावी लागते, आणि तिच्या गौरवाच्या भरांत ही गोष्ट विसरतां कामा नये. स्वतः बंदासिंहाला त्या वर्षाच्या जूनमध्यें, त्याच्या लहान मुलाला त्याच्या डोळ्यांसमोर मारून मग, ठार करण्यांत आलें. नांदेडच्या मठांतून निघालेल्या बैराग्याचा हा शेवट.

माई भागो गुरूंबरोबर नांदेडपर्यंत आली होती. गुरूंच्या पश्चात् ती दक्षिणेंतच राहिली आणि बीदरजवळील जनवाडा येथें तिनें वृद्धपणीं देह ठेवला, असें सांगतात. हुजूर साहिबाच्या आवारांत तिच्या नांवाचा बुंगा आहे. पुढें १८३२ ते १८३७ या काळांत महाराजा रणजितसिंह यांच्या द्रव्यसाहाय्यानें सचखंडाची इमारत उभी राहिली. नांदेड त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें आणि १९४८ पर्यंत तें तसेंच राहिलें. राज्यें आलीं आणि गेलीं. ग्रंथाचें पठण आणि लंगरांतील पंगत चालूं राहिली. २००८ सालीं ग्रंथाच्या गुरुपदास तीनशें वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां देशोदेशींचे शीख या गोदातीरीं लोटले होते.

या सर्व इतिहासावरून निष्ठेचीं कांहीं लक्षणें सांगतां येतात. पहिलें लक्षण, ती देवाला आणि देवाच्या नांवानें बोलणाऱ्याला एक समजत नाहीं. त्यामुळें माणसानें झिडकारलें तरी तिला देव पारखा होत नाहीं. दुसरें, ती आपल्या निष्ठेइतकाच दुसऱ्याच्या निष्ठेचा मान राखते. तेगबहादुर आणि मालेरकोटल्याचा नबाब हे त्याचे साक्षीदार. तिसरें, सोडून गेलेल्यासाठीं ती कागद फाडण्यास सदैव तयार असते.

आणखी एक चौथें लक्षण आहे, आणि त्या कसोटीस मराठी समाज स्वतः फार उशिरां उतरला. ज्याला एकदां बाहेर ठेवलें त्यानें पुढें दुसऱ्याला बाहेर ठेवूं नये. नामदेवांची पायरी आणि चोखोबांची समाधि यांना वंदन करून लाखों वारकरी पंढरीच्या देवळांत जात राहिले, परंतु चोखोबांच्या जातिबांधवांना मात्र त्या दारांतून आंत जातां येत नव्हतें. साने गुरुजींनीं १९४७ च्या मे महिन्यांत पंढरपुरास प्राणांतिक उपोषण मांडलें, आणि त्याच वर्षीं तें दार अस्पृश्यांना मोकळें झालें. चोखोबांच्या मृत्यूला त्या वेळीं ६०९ वर्षें झालीं होतीं. इतकीं वर्षें समाधीला हार घालणारा समाज समाधींतल्या माणसाचें म्हणणें ऐकत नव्हता. औंढ्याचें देऊळ एका रात्रींत फिरलें असें भाविक मानतात. पंढरीचें दार फिरण्यास सहा शतकें लागलीं, कारण तें माणसांनीं फिरवावयाचें होतें.

नांदेडास जाणाऱ्यानें म्हणून वाटेंत औंढ्यास अवश्य उतरावें. देवळाला प्रदक्षिणा घालतांना मागील भिंतीशीं क्षणभर थांबावें. घोंगडी टाकून तेथें बसलेल्या शिंप्याजवळ त्या दिवशीं आपल्या देवावांचून दुसरा कोणताहि आधार नव्हता. त्यानंतर नांदेडच्या लंगरांत जाऊन पंगतीला बसावें. शेजारीं कोण बसला आहे, हें तेथें कोणी विचारीत नाहीं.